नातं लावणारी बाई

मंदा रामटेकेबद्दल लिहायला बसले आहे, तर आधीच कबूल करून टाकते. एकतीस वर्षं मी या बाईचा हेवा केला. थोडाथोडका नाही, चांगला पोटभर केला. ती समोर आली की मी हसायची, विचारपूस करायची, आणि तिची पाठ वळली की माझा पारा चढायचा. आमच्या ह्यांना ते न सांगता कळायचं. मी भांडी जरा जोरात ठेवायला लागले की पेपरमधून तोंड वर न काढता ते विचारत, "आज मंदाबाई भेटल्या वाटतं?"

आम्ही दोघी एकाच आठवड्यात नर्स म्हणून नोकरीला लागलो. एका आरोग्य केंद्राखाली दोन उपकेंद्रं आणि मधून हायवे. कोहमाऱ्याकडून आलं की डाव्या हाताची पाच गावं माझी, उजव्या हाताची सहा तिची. ट्रेनिंग तेच, पगार तोच, लशींचा डबाही एकाच फ्रीजमधून निघालेला. पण लसीकरणाच्या दिवशी माझ्याकडे दहा बाया यायच्या आणि तिच्याकडे रांग लागायची. त्या रांगेत माझ्या गावांतल्या बायाही असायच्या. कडेवर पोर घेऊन, ट्रक चुकवत हायवे ओलांडून जायच्या. एकीला मी अडवून विचारलं, तर म्हणाली, "तुमच्याइथं सारं बरोबरच आहे बाई. पण तिकडं बरं वाटते." यावर काय बोलणार?

दिसायला मंदा काही विशेष नव्हती, हे मी समाधानाने लिहिते. बुटकी, सावळी, पायात पुरुषी सँडल. खांद्याला पिशवी, आणि त्या पिशवीत औषधांच्या जोडीने सुई-दोरा, लिंबू, सुपारी, कुणाच्या तरी पोराची राहिलेली टोपी. आमच्याकडे बाया स्वतःबद्दलही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. मी ट्रेनिंगमध्ये 'जाते, करते' शिकून आले. मंदा शेवटपर्यंत 'जातो, करतो' म्हणाली. कोणाच्याही घरी ती पुढच्या दाराने गेली नाही. मागून शिरायची, चुलीवरच्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण उचलायची आणि विचारायची, "काय शिजवून राहिलीस व?"

नोकरीच्या सुरुवातीला यातल्याच काही घरांत तिला पाणी वरून ओतून देत. ती बौद्ध, म्हणून. ती ओंजळीने प्यायची, पदराने तोंड पुसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागच्या दारात हजर. पाच वर्षांत त्याच घरांत ती चुलीपाशी बसून भाजी निवडत होती आणि सासवा तिला सुनांची गाऱ्हाणी सांगत होत्या. मला, फुंड्यांच्या सुनेला, त्या घरांत ओसरीवर खुर्ची मिळायची. पुसून द्यायचे. कितीतरी वर्षं मला तो मान वाटत होता.

आणि मंदा खोटं बोलायची. लपूनछपून नाही, दिवसाढवळ्या, हसत, समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलायची. गरोदर बायांना आम्ही रक्तवाढीच्या गोळ्या देतो. मी भिंतीवर तक्ता लावून हिमोग्लोबिन समजावून सांगायची. बाया माना डोलवायच्या, गोळ्या घरी न्यायच्या आणि उकिरड्यावर फेकायच्या. एका घरच्या कोंबड्या त्या लाल गोळ्या टिपताना मी स्वतः पाहिल्या आहेत. मंदाने तक्ता कधी लावलाच नाही. तिने सहाही गावांत एकच सांगून ठेवलं होतं की गोळी खाल्ली की लेकरू गोरं होते. मग काय, तिच्या भागात गोळी टाकणारी बाई औषधाला सापडेना.

एकदा आम्ही दोघी पोलिओच्या कामाला बरोबर फिरत होतो. एक सासू नातवाला घेऊन तरातरा आली. "तुमच्या गोळ्या खाऊन बी हा पाहा कोळशावानी! गोरा कुठं आहे?"

मंदाने पोराला हातात घेतलं, उजेडात धरलं आणि आतल्या सुनेला हाक मारली. "काय व, किती गोळ्या चुकवल्या?"

सून दाराआडून पुटपुटली, "चार-पाच असतीन."

"मंग! मले कायले बोलता?" असं म्हणत मंदाने पोर सासूच्या हातात दिलं. सासू सुनेवर घसरली आणि आम्ही पुढच्या घरी निघालो.

वाटेत मी तिला सोडलं नाही. "लाज वाटते का तुला? रंगाचं खूळ लोकांच्या डोक्यात आधीच आहे, तू वरून खतपाणी घालतेस."

ती सुपारी कातरत चालत होती. "तुह्या कोंबड्याइचं रक्त वाढलं, माह्या बायाइचं वाढलं. आता कोण बरोबर ते तूच सांग."

घरी गेल्यावर मला तीन उत्तरं सुचली, पण तोवर उशीर झाला होता.

गोळ्यांपर्यंत हे ठीक होतं. खरं प्रकरण रक्ताचं. आमच्या भागात सिकलसेल आहे. ज्याच्या अंगात हा दोष अर्धा असतो त्याला आम्ही वाहक म्हणतो. वाहकाला काही होत नाही, तो शेतात राबतो, नोकरी करतो, म्हातारा होतो. पण वाहक मुलाचं लग्न वाहक मुलीशी झालं तर त्यांच्या पोटी पूर्ण आजाराचं लेकरू येऊ शकतं. त्या लेकराची हाडं दुखतात. कशी दुखतात ते मी रात्रपाळीला ऐकलेलं आहे आणि इथे लिहिणार नाही. म्हणून शाळाशाळांतून रक्त तपासायचं, ज्याचं त्याला कार्ड द्यायचं आणि लग्न जमवताना दोन्हीकडची कार्डं बघा म्हणून सांगायचं, हे आमचं काम.

मी ते नियमाप्रमाणे केलं. माझ्या गावातली वंदना वाहक होती. तिला बघायला आलेल्या लोकांना मी घरी जाऊन खरं ते सांगितलं. मुलगी धडधाकट आहे, फक्त तुमच्या मुलाचं रक्त एकदा तपासून घ्या. त्यांनी 'रक्त' एवढंच ऐकलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, नाटकं होतात, पोरी बघितल्या जातात. त्या मंडयांतून वंदनाचं रक्त खराब आहे ही बातमी माझ्या आधी चार गावं फिरून आली. शेवटी तिला दोन पोरांच्या बापाला दिली. लग्नात मी गेले होते. मला ओसरीवर खुर्ची दिली.

मंदाच्या भागातली अशी लग्नं मात्र गुपचूप मोडायची आणि कोणाच्याच नावाला डाग लागायचा नाही. ती हे कसं करते, ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मग एका मंडईला मी ते डोळ्यांनी पाहिलं.

कोणीही नवं माणूस भेटलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तू कोणाकडची?" तिथून ती माहेर, आजोळ, आजीचं आजोळ करत वर चढायची. चाळीस गावांचे सोयरे-धायरे तिच्या डोक्यात होते, आणि ते तिच्या डोक्यात आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी एका घरी मुलाकडचे बसले होते, मुलगा आणि मुलगी दोघंही वाहक, पोहे झाले होते, गोष्ट पसंतीवर आली होती. मंदा मागच्या दाराने आली. मुलाच्या आईकडे बघून थबकली. "तुमचं माहेर मुंगलीचं नाही काय? तुमची आजी सखुबाई?" बाई हो म्हणाल्या. मंदाने कपाळाला हात लावला. "अव्वा! सखुबाई अन् या पोरीच्या आजीची आई, दोघी सख्ख्या मावसबहिणी. मंग हे दोघं बहीण-भाऊ लागतात ना व! नातं लागते."

बस. कोणी शहानिशा केली नाही. मेलेल्या आज्यांना विचारायला कोण जाणार? आणि मंदाबाईला माहीत नाही असं नातं असेल कशाला? दोन्हीकडचे जरा हळहळले, हसले, पुन्हा चहा झाला. मुलाने जाताना मुलीच्या हातात ओवाळणी म्हणून वीस रुपये ठेवले. रक्ताचा र कोणाच्या तोंडून निघाला नाही.

मंदाने अशी किती लग्नं मोडली ते तिलाच ठाऊक. गंमत म्हणजे तिने लावलेली नाती टिकली. खोट्या बहिणींना खोटे भाऊ भाऊबीजेला लुगडं नेऊ लागले. एका खोट्या मामाने भाचीच्या शिक्षणाला हातभार लावला. मयतीला पाच मैलांवरून माणसं येऊ लागली, का तर नातं लागते. मला खरं बोलून एक वंदना बुडवता आली होती, आणि ही बाई खोटं बोलून गणगोत वाढवत सुटली होती. हेव्याने मी किती जळाले असेन याचा अंदाज करा.

आणि मग ती चुकली. तिच्या एका गावात दुर्गा नावाच्या दोन मुली होत्या, एकाच वयाच्या, एकाच आडनावाच्या. वाहक होती त्यातली एक. मंदाने मोडलं दुसरीचं. चांगलं जमलेलं लग्न, मुलाला मुलगी आवडलेली, मुलीला मुलगा. मुलगा 'भाऊ' होऊन गेला आणि वर्षभरात त्याने दुसरीकडे लग्न केलं. दुर्गा मात्र पुन्हा कोणासमोर पोहे घेऊन यायला तयार होईना. शेवटी ती फुलचूरला भावाकडे राहून ब्लाऊज शिवू लागली. तालुक्याचं रजिस्टर उतरवताना ही चूक सापडली ती मला.

खरं सांगू? मला आनंद झाला. दुर्गाचं वाईट वाटलं, पण ते नंतर. आधी आनंद झाला. मी सरळ तिच्या उपकेंद्रावर गेले आणि रजिस्टर तिच्यासमोर टाकलं.

तिने दोन्ही नावांवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "माहीत आहे मले. दोन वर्षं झाले माहीत होऊन."

"मग जाऊन सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? नातं नाही लागत म्हणून? मंग बाकीच्या साऱ्याइचं काय? एक सूत ओढलं का सारं लुगडं उसवते, नलू." तिने रजिस्टर मिटलं. "माह्याकडून एक पोरगी जितीची मेली. मी काय ते रोज पाहत नसन?"

"मी अर्ज करणार आहे साहेबांकडे."

"कर," ती म्हणाली. "खरं लिहिजो, कमी लिहू नको."

मी दोन पानांचा अर्ज लिहिला. चांगला झाला होता. तो माझ्या पर्समध्ये होता आणि दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, तेव्हा अश्विनी घरी आली.

अश्विनी माझी एकुलती एक मुलगी. गोंदियाला शाळेत शिकवायची आणि फुलचूरला खोली घेऊन राहायची. ती म्हणाली, आई, एक मुलगा आहे. नाव निखिल, आमगावला कॉलेजात शिकवतो, आपल्याच समाजाचा, घर हायवेपलीकडच्या अमुक गावात. घर सांगताच मला मुलगा कोण ते कळलं. कारण आदल्याच दिवशी, मंदाची आणखी एखादी चूक सापडते का ते शोधताना, त्या गावाचं पान मी उतरवलं होतं. निखिल वाहक होता.

आणि अश्विनीही वाहक आहे. ती नववीत असताना मीच तिचं रक्त तपासायला दिलं होतं. कार्ड आलं, मी वाचलं, आणि ते कपाटात साड्यांखाली ठेवून तिला सांगितलं, "नॉर्मल आहे गं." वंदनाचं लग्न होऊन तेव्हा चार महिने झाले होते. पाच गावांना खरं सांगत फिरणाऱ्या बाईने आपल्या पोरीला खोटं सांगितलं, आणि बारा वर्षं त्याच खोट्यावर बसून राहिली. मंदा निदान दुसऱ्यांच्या पोरींसाठी खोटं बोलायची.

आता पोरीला सांगायचं तर आधी बारा वर्षांचं सांगावं लागणार. न सांगावं तर लग्न होणार. रात्रभर मी इकडून तिकडे कुशी बदलल्या आणि सकाळी, अर्जासकट, मंदाच्या उपकेंद्रावर जाऊन उभी राहिले.

ती अंगणात तपासणीच्या टेबलावरच्या चादरी वाळत घालत होती. मी म्हटलं, "मंदा, नातं लाव."

"कोणाचं?"

"अश्विनीचं. निखिलशी."

चादर तिच्या हातात तशीच राहिली. दोन्ही नावं तिला पाठ होती, समजावून सांगायची गरज पडली नाही. "तुह्या पोरीले समजते. तिले खरं काऊन नाही सांगत?"

"मी तिला नॉर्मल सांगितलंय. नववीत असताना."

आता ही मला सुनावणार, असं मला वाटलं. तिचा हक्कच होता. माझ्या जागी ती असती तर मी सोडली नसती. पण तिने चादर दोरीवर टाकली, माझा हात धरून मला बाकावर बसवलं आणि पाण्याचा तांब्या दिला. मी पर्समधून अर्ज काढून तिच्यापुढे धरला. तिने तो वाचलाही नाही. घडी घालून परत माझ्या पर्समध्ये ठेवला. "हे अलग, ते अलग. द्यायचा असन तर दे."

"लावशील ना?"

"लावतो. पण पोरीले कार्ड तू देशीन. मी नाही. लग्न कोणासंग बी होवो, त्याच्या आधी तिच्या हातात कार्ड पाहिजे."

मी शब्द दिला. अर्ज घरी येऊन चुलीत घातला.

निखिलकडचे बघायला आले त्या दिवशी मंदा आमच्याही घरी मागच्या दाराने आली. तेच थबकणं, तोच कपाळाला हात, तेच "अव्वा!" निखिलच्या आईची आजी आणि माझ्या सासऱ्यांची मावशी तिने एका घरात नेऊन बसवल्या. ते खोटं आहे हे मला माहीत होतं, तरी ऐकता ऐकता मला दोघी दिसायला लागल्या, इतकं ते बेमालूम होतं. निखिलची आई रडवेली झाली. "अशी गुणाची पोरगी, अन् नात्यात निघाली!" मग डोळे पुसून म्हणाली, "असू दे. मले लेक भेटली." अश्विनी आणि निखिल खाली बघत बसले होते. पोरगी रडलीसुद्धा नाही. मला वाटलं, धक्का बसला असेल.

त्यानंतर अश्विनी सुट्टीला आली की अर्धा वेळ मंदाकडे असायची. जिने लग्न मोडलं तिच्याकडेच! तिथे जेवायची, तिच्या अंगणात बाज टाकून वाचत पडायची. मी विचारलं तर म्हणायची, "तिकडे बरं वाटतं." हे शब्द मी पूर्वीही ऐकले होते, पण पोटच्या पोरीकडून ऐकणं वेगळंच असतं.

दीड वर्षाने नागपूरचं स्थळ आलं. मुलाचा रक्ताचा रिपोर्ट मंदाने स्वतः मागून घेतला, दोनदा वाचला आणि मगच मान हलवली. मुलगा स्वच्छ होता. आता अश्विनीला कार्ड देण्यात अडचण काहीच नव्हती. साखरपुड्याला देऊ म्हटलं, मग पत्रिका छापून झाल्यावर देऊ म्हटलं, मग हळदीला पोरगी इतकी छान दिसत होती की म्हटलं, आज नको. कार्ड साड्यांखालीच राहिलं.

लग्नात लाह्यांचा विधी आला तेव्हा गुरुजींनी विचारलं, नवरीचा भाऊ कोण? माझा पुतण्या गाडी आणायला गेला होता. तोवर निखिलच्या आईने निखिलला दोन्ही हातांनी पुढे ढकललं. "हा आहे ना भाऊ! जा रे, बहिणीचं लग्न आहे." माणसांनी त्याला वाट करून दिली. निखिलने अश्विनीच्या ओंजळीत लाह्या घातल्या. मग रीतीप्रमाणे त्याने नवरदेवाचा कान पिळायचा होता. तोही त्याने पिळला, जरा जोरातच पिळला असावा, कारण नवरदेव ओरडला आणि मांडवात हशा उसळला. अश्विनीही हसली.

मी मंदाला शोधलं. ती मांडवाच्या टोकाशी खांबाला धरून उभी होती आणि हसत नव्हती. नंतर जेवणाच्या पंगतीत ती दिसली नाही, पाण्याच्या पिंपाशी सापडली. तिने एवढंच विचारलं, "कार्ड देलं काय?"

"दिलं," मी म्हटलं.

"बरं केलं," ती म्हणाली आणि हात धुऊ लागली. पोरगी निघताना माझ्या गळ्यात पडून रडली. मंदाच्या गळ्यात पडून जास्त वेळ रडली.

यंदा अश्विनीला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात तिचा फोन आला. दवाखान्यात रक्ताच्या तपासण्या चालल्या होत्या. "आई, इथली नर्स विचारते, आधीचं काही कार्ड आहे का?"

मी खाली बसले. म्हटलं आता नाही तर कधीच नाही, आणि सुरुवात केली. नववीतली तपासणी, कपाट, सगळं. शब्द नीट लागत नव्हते. माझं संपल्यावर शांतपणे म्हणाली, "मला माहीत आहे, आई."

"कधीपासून?"

"निखिलकडचे यायच्या आधीपासून. मंदामावशीनं आम्हा दोघांना बोलावलं होतं. दोघांच्या नोंदी समोर ठेवल्या. पोटातल्या बाळाची तपासणी होते तेही सांगितलं. म्हणाली, लग्न करा नाहीतर नका करू, ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही आठ दिवस भांडलो, रडलो आणि ठरवलं. मग ती म्हणाली, घरच्यांचं मी बघतो."

"मग मला का..."

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, तुही आई भ्याली आहे, ती आपल्या तोंडानं सांगन, तोवर तिले विचारू नको." मग अश्विनी म्हणाली, "मी वाट बघत होते गं. हळदीच्या दिवशी तर मला वाटलं, आज सांगशील."

म्हणजे नातं लावलं ते निखिलच्या आईसाठी, आणि माझ्यासाठी. गावातल्या कुठल्याही भित्र्या सासूला गुंडाळावं तसं मंदाने मला गुंडाळलं होतं. माझ्या पोरीला खरं मिळालं ते तिच्याकडून, आणि माझ्या पोरीने ते माझ्यापासून तिच्यासाठी लपवलं. चार दिवस मी नुसती भांडी आपटत होते.

त्याच महिन्यात मंदा निवृत्त झाली आणि मुलाकडे रायपूरला राहायला निघाली. मी कोहमाऱ्याच्या नाक्यावर तिला गाठायला गेले. भांडायलाच गेले होते. तिथे आधीच पंचवीस-तीस बाया जमल्या होत्या. कोणी चिवड्याची पिशवी आणलेली, कोणी पाया पडत होती. दुर्गाही आली होती, फुलचूरहून. तिने मंदाच्या हातात नव्या ब्लाऊजांचं पुडकं ठेवलं. मंदाने ते घेतलं, पण दुर्गाकडे तिला बघवेना. मला कोणीतरी मंदाची बॅग धरायला दिली.

गर्दी जरा हटली तशी मी म्हटलं, "माझ्या पोरीला खरं सांगितलंस. तिला निवडू दिलंस. दुर्गाला का नाही दिलंस? वीस वर्षं गावच्या पोरींना का नाही?"

"तुह्या पोरीच्या हाती नोकरी होती. तिनं नाही म्हटलं तरी तिले कोणी घराबाहेर काढत नव्हतं. या पोरींच्या हाती काय होतं?" मग दुर्गाकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "पण विचारायले पाहिजे होतं व. निदान इले तं विचारायले पाहिजे होतं. ते चुकलंच."

पहिल्यांदाच तिने माझ्यासमोर हार मानली होती आणि मला त्याचा काही उपयोग करता आला नाही. बस आली. ती चढता चढता वळली आणि माझं मनगट धरलं. "अश्विनीले सांगजो. नववा लागला का एक फोन कर म्हणा. मी येतो. पहिलं बाळंतपण आहे, मी पोरीपाशी राहतो. विसरू नको, नलू. सांगजो."

मी बॅग वर दिली. खिडकीत बसल्या बसल्या तिने शेजारणीचं रडणारं पोर मांडीवर घेतलं होतं. बायांनी हात हलवले, बस देवरीच्या दिशेने निघून गेली.

संध्याकाळी अश्विनीचा फोन आला. "गेली का गं मावशी?"

"गेली."

"खूप जणी आल्या असतील ना?" तिने विचारलं. "माझ्यासाठी काही म्हणाली?"

"नाही गं," मी म्हटलं. "बस लागलेली होती, घाईत गेली."